जर्मन गास्टहाउसात पहिलं दुपारचं जेवण: नव्याने आलेल्यांसाठी

जर्मनीत येऊन दोन-तीन महिने होतात. आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, होतं, बँकेत खातं उघडतं, कोथिंबीर कुठल्या तुर्की दुकानात ताजी मिळते हेही कळतं. पण ज्या गावात आपण राहतो, त्या गावचं जेवण मात्र बऱ्याच जणांनी चाखलेलंच नसतं. मी नऊ वर्षं श्टुटगार्टमध्ये राहते. पुण्याहून, चाकणच्या कंपन्यांतून, शिकायला किंवा नर्सिंगच्या कामाला आलेली कितीतरी मंडळी मी पाहिली. "तिथे आपल्याला खाण्यासारखं काही नसतं" हे वाक्य त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे लिहायला बसले. खाण्यासारखं भरपूर असतं. फक्त कधी जायचं, काय वाचायचं आणि काय विचारायचं हे आधी माहीत हवं.

रात्री नको, दुपारी जा

पहिल्यांदा जाताना मंगळवार ते शुक्रवारपैकी एखादा दिवस निवडा आणि दुपारी बाराच्या सुमारास जा. यामागे कारण आहे. जर्मन घरांत पूर्वापार दुपारचं जेवण हेच मुख्य, गरम जेवण. संध्याकाळी पाव, चीज, काकडी असं थंड खायचं, त्याला नावच आबेंटब्रोट, म्हणजे संध्याकाळचा पाव. आता नोकरीमुळे घरोघरी हे बदललंय, पण गास्टहाउसांनी, म्हणजे स्थानिक जेवणाच्या ठिकाणांनी, दुपारची ती परंपरा टिकवली आहे. तिला मिटाग्सटिश म्हणतात. रोज तीन-चार पदार्थांची छोटी यादी असते. बऱ्याच ठिकाणी सोबत वाटीभर सूप किंवा सॅलड असतं, आणि शहरात साधारण १० ते १४ युरोत पोटभर जेवण होतं. तेच जेवण रात्रीच्या मेनूकार्डावर बरंच महाग पडतं.

दुसरं असं, की दुपारी येणारी माणसं अर्ध्या-पाऊण तासाच्या सुट्टीत आलेली असतात. जेवण लवकर येतं, कोणी तीन तास बसत नाही, आरक्षणही बहुतेक लागत नाही. नवख्या माणसाला अवघडल्यासारखं होत नाही.

दारात किंवा फुटपाथवर खडूने लिहिलेली पाटी असते, ती आधी वाचा. त्यावर 'हॉयटे' म्हणजे आज, 'टागेसएसन' म्हणजे आजचं जेवण. 'रूएटाग' म्हणजे सुट्टीचा दिवस. तो अनेक ठिकाणी सोमवार असतो, म्हणून मी मंगळवारपासून म्हटलं. मिटाग्सटिश साधारण साडेअकरा ते दोन. दोन वाजले की स्वयंपाकघर बंद होतं आणि पुन्हा साडेपाचच्या आसपास उघडतं. दार उघडं दिसलं तरी पावणेदोनला पोचून जेवणाची आशा धरू नका. पाटीवर 'डुर्शगेएंड वार्मे क्युशे' लिहिलं असेल तरच दिवसभर गरम जेवण मिळतं.

मासे खाणाऱ्यांनी शुक्रवार धरावा. ख्रिस्ती रिवाजात शुक्रवारी मांस टाळत. तो रिवाज पाळणारे आता कमी झाले, पण शुक्रवारच्या यादीत मासा हमखास दिसतो. कधीकधी त्याच दिवशी जेवण म्हणून चक्क एखादा गोड पदार्थही असतो.

पाटीवर गास्टहाउस, गास्टहोफ, विर्ट्सहाउस, गास्टश्टेटे असं काही लिहिलं असलं की ते स्थानिक जेवणाचं ठिकाण समजा. राट्सकेलर म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या तळघरातलं. ब्राउहाउसात बिअर स्वतःची बनवलेली असते. मेत्स्गराय म्हणजे खाटकाचं दुकान. तिथेही दुपारी गरम जेवण स्वस्तात मिळतं आणि मांसाहारींना ते आवडतं, पण शाकाहाऱ्यांनी तिकडे वेळ घालवू नये. आमच्या श्वाबन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, आणखी एक मजेचा प्रकार आहे. द्राक्षबागांचे शेतकरी वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, चाळीसपेक्षा जास्त खुर्च्या न मांडता, स्वतःच्याच जागेत वाइन आणि साधं जेवण देतात. दारावर केरसुणी टांगली की ठिकाण उघडं. केरसुणीला जर्मनमध्ये 'बेझन', म्हणून त्याचं नाव बेझनविर्टशाफ्ट. पहिली भेट झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिथे नक्की जा.

आत शिरल्यावर

दार उघडल्यावर कोणी येऊन बसवेल म्हणून बराच वेळ उभं राहायची गरज नसते. नजरेला नजर मिळाली की नमस्कार करा. दक्षिणेत 'ग्र्यूस गॉट', इतरत्र 'गूटन टाग'. दुपारच्या वेळी ऑफिसात आणि कँटीनमध्ये लोक एकमेकांना 'मालत्साइट' म्हणतात. त्याचा अर्थच जेवण. त्याला उत्तरही 'मालत्साइट' असंच द्यायचं.

मग रिकामं टेबल बघून बसा. फक्त दोन गोष्टी पाहा. टेबलावर 'रेझर्वियर्ट'ची पाटी आहे का, आणि ते 'श्टामटिश' तर नाही ना. श्टामटिश म्हणजे नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल, आपल्याकडे पारावर ज्याची त्याची जागा ठरलेली असते तसं. त्यावर बहुधा लोखंडाची किंवा पितळेची पाटी उभी असते. सगळी जागा मोकळी असली तरी तिथे बसायचं नाही.

गर्दी असेल तर मोठ्या टेबलाच्या टोकाला अनोळखी माणसांसोबत बसण्यात काही गैर नाही. 'इस्ट हिअर नोख फ्राय?' एवढं विचारा, म्हणजे इथे जागा आहे का. ते मान हलवतील, आपण बसायचं. गप्पा मारल्याच पाहिजेत असं नाही. त्यांचं जेवण आलं की 'गूटन आपेटीट' म्हणायचं. कोट पाठीमागच्या खुंटीवर लावा. टेबलाखाली कुत्रा झोपलेला दिसला तर दचकू नका. इथे कुत्र्यांना आत आणायची पद्धत आहे आणि ते बहुधा गपगुमान पडून असतात. लहान मुलं घाबरत असतील तर दुसरं टेबल निवडा.

आधी प्यायला

वेटर मेनूकार्ड देता-देताच प्यायला काय हवं ते विचारेल. इथे आपली मंडळी गोंधळतात, कारण आपल्याकडे पाण्याचा ग्लास न मागता येतो. इथे पाणी विकत घ्यावं लागतं. नुसतं 'वासर' म्हणालात तर बहुधा बुडबुड्यांचं सोडावजा पाणी येईल, श्वाबनमध्ये त्याला श्प्रूडेल म्हणतात. साधं हवं असेल तर 'श्टिलेस वासर' म्हणा. नळाचं पाणी, म्हणजे 'लाइटुंग्सवासर', मागता येतं, पण ते द्यायलाच हवं असा नियम नाही आणि काही ठिकाणी नाराजी दिसते. माझा सल्ला असा, की काहीतरी एक पेय विकत घ्या आणि त्यासोबत नळाचं पाणी नम्रपणे मागा.

पेय कोणतं? दारू नको असेल तर आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. दुपारी अर्धं जर्मनी तेच पितं, त्यामुळे आपण वेगळे पडत नाही. दारू न पिणाऱ्याला महाग पडू नये म्हणून इथे कायदाच आहे: निदान एक बिनदारूचं पेय सर्वात स्वस्त दारूच्या पेयापेक्षा महाग असता कामा नये. लोक त्याला 'सफरचंदाच्या रसाचं कलम' म्हणतात. ग्लासावर ०.२ किंवा ०.४ लिटरची रेघ असते. पेय त्या रेघेपर्यंत आलं नसेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कोलोनला गेलात तर एक लक्षात ठेवा. तिथल्या ब्राउहाउसात क्योल्श नावाची बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो. त्याने प्रत्येक ग्लासासाठी पुठ्ठ्याच्या चकतीवर एक रेघ मारलेली असते. पुरे झालं की ती चकती ग्लासावर झाकण ठेवावी तशी ठेवायची. हे माहीत नसेल तर ग्लास येतच राहतात.

कार्ड वाचताना

इथे जरा वेळ काढा. मांसाचे शब्द आधी पाठ करा: श्वाइन डुकराचं, रिंट गाई-बैलाचं, काल्प वासराचं, लाम कोकराचं, हेन्शन कोंबडीचं, पूटे टर्कीचं, विल्ट म्हणजे हरीण किंवा रानडुकराचं. हाक म्हणजे खिमा, तो बहुधा डुक्कर आणि गाय मिसळलेला असतो. माशांत फोरेले म्हणजे गोड्या पाण्यातला ट्राउट, त्सांडर हाही गोड्या पाण्यातलाच, आणि झेलाक्सच्या नावात 'लाक्स', म्हणजे सॅमन मासा, असला तरी तो समुद्रातला वेगळाच पांढरा मासा.

श्नित्सेलबद्दल खास सांगते, कारण इथे पुष्कळांची फसगत होते. 'वीनर श्नित्सेल' लिहिलं असेल तर ते वासराचंच असतं. 'श्नित्सेल वीनर आर्ट' असेल, म्हणजे व्हिएन्नाच्या पद्धतीचं, तर ते बहुधा डुकराचं. गोमांस न खाणाऱ्या कितीतरी जणांनी महागातलं म्हणून चांगलं समजून पहिलं मागवलेलं मी पाहिलंय. कोंबडीचं किंवा टर्कीचं हवं असेल तर तो शब्द कार्डावर दिसलाच पाहिजे.

आणि 'पानिअर्ट' हा शब्द दिसला तर त्यात पनीर शोधू नका. पानिअर्ट म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं. माझ्यासोबत आलेल्या एका मुलीने नुसत्या त्या शब्दावर ऑर्डर देऊन टाकली होती, ताट आलं तेव्हा तिचा चेहरा पडला. 'राम' दिसला तर मात्र आनंद माना. राम म्हणजे मलई.

नावं फसवतात, दोन्ही बाजूंनी. लेबरकेझे या नावात 'केझे' म्हणजे चीज आहे, पण त्यात चीजचा कणही नसतो, तो बारीक वाटलेल्या मांसाचा भाजलेला ठोकळा आहे. बव्हेरियात फ्लाइशफ्लान्झर्ल म्हणजे खिम्याची टिक्की, नावातल्या 'फ्लान्झ'मुळे वनस्पती वाटते, पण सुरुवातीचं 'फ्लाइश' म्हणजे मांस. फाल्शर हाझे, म्हणजे खोटा ससा, यात ससा नाही, पण खिमा आहे. याउलट कोलोनचा हाल्वर हान, शब्दशः अर्धा कोंबडा, म्हणजे राईच्या पिठाचा पाव, लोणी आणि जाड चीजचा तुकडा. मांस अजिबात नाही. मेटब्र्योटशन हे पावावरचं कच्चं डुकराचं मांस असतं, ते पाहून घ्या.

पण शाकाहाऱ्याची खरी अडचण ताटात दिसणाऱ्या मांसाची नसतेच. ती न दिसणाऱ्याची असते. तीन शब्द लक्षात ठेवा: श्पेक, ब्र्युए, श्माल्त्स. श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे खारवलेले बारीक तुकडे. परतलेल्या बटाट्यांत, हिरव्या शेंगांत, कोबीत ते सहज असतात. ब्र्युए म्हणजे उकळून काढलेलं सूपचं पाणी, बहुधा हाडा-मांसाचं. भाजीचं सूप म्हणून लिहिलेलं सूप त्यात शिजवलेलं असू शकतं. श्वाबनमधलं बटाट्याचं सॅलड मेयोनेजमध्ये नाही, गरम ब्र्युएमध्ये कालवतात, म्हणूनच ते ओलसर आणि चविष्ट लागतं. श्माल्त्स म्हणजे डुकराची किंवा हंसाची चरबी. लाल कोबी, रोटकोल, अनेकदा त्यात शिजतो.

आमच्याकडचा सर्वात लाडका पदार्थ लिन्झन मिट श्पेत्सले. म्हणजे मसूर आणि ताजे, जाड शेवयांसारखे पिठाचे तुकडे. वरण-भातावर वाढलेल्या माणसाला हे नाव वाचून गलबलून येतं, मलाही आलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी मागवलं आणि वर ठेवलेले दोन सॉसेज बाजूला सरकवून खायला घेतलं. तिसऱ्या घासाला लक्षात आलं की मसुरातच श्पेक शिजलाय. मी डुक्कर खात नाही. ताट तसंच ठेवलं, पैसे दिले आणि उपाशी बाहेर पडले. चूक त्या गास्टहाउसची नव्हती, विचारलं नव्हतं मी. त्या दिवसापासून विचारल्याशिवाय काही मागवलं नाही, आणि विचारलं म्हणून कोणी कधी रागावलेलंही आठवत नाही.

मग विचारायचं कसं? वाक्यं पाठच करा.

'इश एसे काइन फ्लाइश उंट काइनन फिश.' मी मांस आणि मासे खात नाही.

'इस्ट डा श्पेक ओडर फ्लाइशब्र्युए ड्रिन?' यात श्पेक किंवा मांसाचं पाणी आहे का?

'ओने श्पेक, बिटे.' श्पेक नको.

'वेजिटारिश आहे का' एवढंच विचारून थांबू नका. वेटर प्रामाणिकपणे हो म्हणेल आणि ब्र्युए त्याच्या डोक्यात येणारच नाही, कारण त्याच्या मते मांस म्हणजे ताटातला तुकडा. वस्तूचं नाव घेऊन विचारलं की तो स्वयंपाकघरात जाऊन खात्री करून येतो.

कार्डावर पदार्थाच्या नावाशेजारी बारीक अक्षरं आणि आकडे दिसतात, त्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. २०१४ च्या डिसेंबरपासून युरोपात १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. अंडं, दूध, गहू, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी वगैरे. ती अक्षरं त्याची. प्रत्येक ठिकाणी अक्षरांचा अर्थ वेगळा असतो, शेवटच्या पानावर तक्ता असतो. अंडं न खाणाऱ्याला हा तक्ता फार उपयोगाचा. पण डुक्कर किंवा गाय हे ॲलर्जीच्या यादीत नाहीत, त्यामुळे मांसाबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत. अक्षर नाही म्हणजे शाकाहारी, असं समजू नका.

मग मागवायचं काय

अंडं चालत असेल तर पहिल्या दिवशी केझेश्पेत्सले मागवा, डोळे मिटून. मैदा, अंडी आणि पाण्याचं सैलसर पीठ उकळत्या पाण्यात पाडतात. पूर्वी लाकडी फळीवरून सुरीने खरवडत, अजूनही चांगल्या ठिकाणी तसंच करतात. घरी दाबून पाडायचं एक यंत्र असतं, ते पाहिलं की आपला शेवेचा सोऱ्याच आठवतो. गरम श्पेत्सले आणि किसलेलं चीज एकावर एक थर देऊन रचतात आणि वर तपकिरी होईस्तोवर तळलेला कांदा. आपल्या बिर्याणीवर असतो तसाच, कुरकुरीत आणि गोडसर. काटा घातला की चीजची तार निघते. ताट लोखंडी तव्यासकट येत असेल तर थोडं थांबा, तळाला चीज खरपूस लागतं, ते शेवटी खरवडून खायचं. सोबत हिरवं सॅलड मागवा, नाहीतर अर्ध्यातच जड होतं.

बव्हेरियात असाल तर झेमेलक्नोडेल मिट पिल्त्सराम, म्हणजे शिळ्या पावाचे दूध-अंड्यात भिजवून उकडलेले गोळे आणि मलईतले मश्रूम. उन्हाळ्यात पिवळ्या रानमश्रूमचा, फिफरलिंगेचा, हंगाम असतो, तेव्हा सोडू नका. ऱ्हाईनच्या काठाला रायबेकूखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपीठं, सोबत सफरचंदाची गोड चटणी. बटाट्यासोबत गोड कसं लागेल असं वाटतं, पण उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या वड्यावर गोड दही घालून खाणाऱ्या आपल्याला ते लगेच पटतं. फ्रांकफुर्टला ग्र्यूने झोसे मागवा. सात ताज्या हिरव्या पानांची थंडगार चटणी, उकडलेले बटाटे आणि अंडी. बोरेज, शेर्विल, हालीम, पार्स्ली, पिम्पिनेले, आंबट चुक्याच्या जातीची पानं आणि चाइव्ह्ज, म्हणजे कांद्याच्या पातीसारखी बारीक पात. एप्रिल ते २४ जून हा पांढऱ्या शतावरीचा, श्पार्गेलचा काळ. त्या दिवशी, योहानिसटागला, काढणी थांबवतात म्हणजे पुढच्या वर्षीसाठी झाडाला दम मिळतो. या काळात प्रत्येक पाटीवर श्पार्गेल असतो, लोणी आणि बटाट्यांसोबत घ्या.

मांसाहारींना जास्त सांगायला नको. तरी झाउअरब्राटन चुकवू नका. गोमांस चालत असेल तर. व्हिनेगर आणि मसाल्यांत कित्येक दिवस मुरवलेलं मांस, ऱ्हाईनलंडमध्ये रश्शात बेदाणे घालून. आंबट-गोड चवीमुळे आपल्या जिभेला ते जवळचं वाटतं. मासे खाणाऱ्यांनी फोरेले म्युलेरिन मागवावा, पिठात घोळवून लोण्यात भाजलेला अख्खा मासा. काटे काढायची सवय असलेल्या कोकणातल्या माणसाला तो खाताना पाहून वेटर खूश होतात. माउलटाशन, म्हणजे मांस आणि पालक भरलेले मैद्याचे चौकोन, श्वाबनचा अभिमानाचा पदार्थ, २००९ पासून युरोपात त्या नावाला संरक्षण आहे. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून भिक्षूंनी मांस पिठात लपवलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. पालक-चीजचे शाकाहारी माउलटाशनही पुष्कळ ठिकाणी मिळतात.

अंडंही चालत नसेल तर

हे कठीण आहे, पण अशक्य नाही. दोन वर्षांपूर्वी माझी आई मिरजेहून आली होती. गळ्यात तुळशीची माळ, अंडं तर सोडाच, केकही विचारून खाणारी. "मी घरीच जेवेन, तू जा" म्हणत होती. मी तिला गल्लीच्या टोकाच्या गास्टहाउसात दुपारी घेऊन गेले. मुद्दाम साडेअकराला, गर्दीच्या आधी. वेटर बाई साठीच्या होत्या. मी सांगितलं: 'माइने मुटर इस्ट काइन फ्लाइश, काइनन फिश उंट काइन आय.' त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, स्वतःच वरून खाली बोट फिरवलं, आणि आत गेल्या. हात पुसत स्वयंपाकी बाहेर आला. श्पेत्सले नाही, त्यात अंडं. क्नोडेल नाही, त्यातही अंडं. परतलेले बटाटे श्पेकच्या तव्यात. मग तो म्हणाला, "पेलकार्टोफेल्न आणि क्वार्क?"

कार्डावर नव्हतं ते. दहा-बारा मिनिटांत आलं. सालीसकट उकडलेले छोटे बटाटे, वाफ निघतेय, आणि खोलगट वाडग्यात चाइव्ह्ज घातलेला पांढरा क्वार्क. आईने चमच्याच्या टोकाने चाखला आणि म्हणाली, "अगं, हा तर चक्का!" मग तिने काटा-सुरी बाजूला ठेवली, एक बटाटा उचलून फुंकर घालत बोटांनी साल काढली, एकादशीला घरी काढते तशी. बाई लांबून बघत होत्या. मला वाटलं काही म्हणतील. त्या आल्या आणि साली ठेवायला एक रिकामी बशी ठेवून गेल्या.

तेव्हापासून अंडं न खाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: गर्दीच्या आधी जा, तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगा, आणि क्वार्कसोबत उकडलेला किंवा भट्टीत भाजलेला बटाटा मागा. तो बहुतेक कुठल्याही स्वयंपाकघरात असतो. गोड पदार्थ घेताना जिलेटिनबद्दलही विचारा, ते जनावराचं असतं आणि मलईच्या थंड पदार्थांत बऱ्याचदा वापरतात.

ताट समोर आल्यावर

जर्मन जेवण अळणी नसतं. मीठ चांगलं असतं, तिखट नसतं, एवढाच फरक. झणका हवाच असेल तर 'मेरेटिश' मागा. पांढरं, किसलेलं, मुळ्याच्या जातीचं, नाकात झिणझिण्या आणतं. 'झेन्फ' म्हणजे मोहरीची चटणी, त्यात तिखट हवी असेल तर 'शार्फर झेन्फ'. पर्समधली शेंगदाण्याची चटणी मात्र काढू नका. बाहेरचं खाणं आत आणणं इथे चालत नाही. याला एक छान अपवाद आहे. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअरगार्डनमध्ये, जिथे टेबलावर कापड नसतं आणि पेय आपणच आणायचं असतं, तिथे घरचा डबा आणायची जुनी मुभा आहे. पेय तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. थालीपीठ, दही आणि चटणी घेऊन म्युनिकच्या चेस्टनटच्या झाडाखाली बसण्यासारखं सुख नाही. बव्हेरियाच्या टेबलांवर टोपलीत ब्रेत्सेल ठेवलेले असतील तर ते फुकट नसतात, किती खाल्ले ते शेवटी सांगायचं.

क्नोडेल आणि बटाटे सुरीने कापण्याऐवजी काट्याने फोडायची पद्धत आहे, तसं केलं की रस्सा आत मुरतो. मध्येच थांबलात तर काटा-सुरी ताटावर एकमेकांपासून तिरकी ठेवा. संपलं की दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा, वेटरला तोच इशारा. ताट नेताना तो विचारेल, 'हाट एस गेश्मेक्ट?' आवडलं का. 'या, झेअर गूट' म्हणा.

ताटं मोठी असतात. संपलं नाही तर 'क्योनन झी मिर डास आइनपाकन?' म्हणजे बांधून द्याल का. सोबत लहान मूल असेल तर 'रॉयबरटेलर' मागा. दरोडेखोराचं ताट. रिकामी थाळी आणि चमचा मिळतो, मूल आई-बाबांच्या ताटातलं 'लुटून' खातं.

पैसे देताना

बिल आपणहून येत नाही. ते तुम्हाला घालवत नाहीत म्हणून. नजर मिळवून 'त्सालन, बिटे' म्हणा. चुटकी वाजवू नका, लांबून हाकही मारू नका. लगेच प्रश्न येईल: 'त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?' एकत्र की वेगवेगळं? आपल्याकडे मित्रांत वेगळं द्यायला संकोच वाटतो. इथे सहकाऱ्यांसोबत असाल तर 'गेट्रेन्ट' हेच सामान्य आहे, वेटर प्रत्येकाचं खाणं-पिणं स्वतंत्र मोजतो.

बक्षिशी टेबलावर ठेवून जायची नाही, देतानाच सांगायची. बिल १३ युरो ६० सेंट झालं तर २० ची नोट देताना 'फ्युन्फत्सेन' म्हणा, म्हणजे पंधरा, तो पाच परत देईल. पाच ते दहा टक्के रीत आहे. नेमके पंधरा हातात असतील तर 'श्टिम्ट झो', ठीक आहे, ठेवा. आणि एक जपा: मोठी नोट देताना सवयीने 'डांके' म्हणालात तर उरलेले ठेवून घ्या असा अर्थ होऊ शकतो. डांके नंतर म्हणा, सुटे हातात आल्यावर. कार्डाने देणार असाल तर यंत्रात रक्कम टाकण्याआधी एकूण आकडा सांगा. लहान ठिकाणी 'नूर बारत्सालुंग', म्हणजे फक्त रोख, अशी पाटी अजूनही दिसते, म्हणून खिशात तीस-चाळीस युरो ठेवून निघा.

उठताना खुर्ची आत सारा, आणि वेटरसोबतच, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी मंडळींनाही निरोप द्या. श्टुटगार्टकडे 'अडे' म्हणतात. घास अर्ध्यात थांबवून तेही 'अडे' म्हणतील.